कोफीच्या वहीतला शेवटचा रकाना

मुलीने, माधवीने, तिकिटाबरोबर पाहायच्या ठिकाणांची यादीही पाठवली होती. २००६च्या उन्हाळ्यात दहा आठवडे अमेरिकेत राहून मी त्या यादीतलं बरंचसं पाहिलं. धबधबा पाहिला, पुतळा पाहिला, राजधानीतली सगळी संग्रहालयं पाय दुखेपर्यंत पाहिली. त्यांचं वर्णन माझ्याहून चांगलं करणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते नेवार्कमधल्या एका शनिवारबद्दल. तिथे पाहायला म्हणून कोणी जात नाही. मला पुण्यातली एक चूक तिथे जाऊन सांगायची होती.

निघायच्या आठवडाभर आधी मला कोफीची ई-मेल आली होती. "भागवत सर, संस्थेच्या साइटवर तुमचा पत्ता मिळाला. मी नेवार्कला एका विमा कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. जानेवारीत कायमचा घानाला परत चाललो आहे. कुमासीत कॉम्प्युटरची शाळा काढतो आहे. तुम्ही शिकवलंत तसं शिकवणार."

शेवटचं वाक्य वाचून मी मशीन बंद करून गॅलरीत जाऊन बसलो.

कोफी शिकायला होता तेव्हा आमच्या पुण्याच्या संस्थेत चाळीस मुलं आणि बारा मशीन होती. म्हणून माझा नियम असा, की प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, कागदावरच चालवून पाहायचा आणि मग मशीनला हात लावायचा. दुसरा नियम चुकांच्या वहीचा. खिळ्याला दोरीने टांगलेली एक फुलस्केप वही होती. कोणाचं काय चुकलं ते मी सगळ्यांसमोर तिच्यात लिहायचो. मला ती शिस्त वाटायची.

कोफी घानाच्या कुमासी शहरातून आलेला. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी त्याने लॅबच्या हजेरीचा प्रोग्राम लिहिला. त्याच परीक्षेत संजय नावाच्या मुलाने दिलेला प्रोग्राम ओळीला ओळ तसाच निघाला. संजय मला माहीत होता. त्याचे वडील, त्याची शाळा, त्याची दहावीची टक्केवारीसुद्धा माहीत होती. कोफीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मी दोघांना बोलावलं नाही, एकालाच बोलावलं. कोफी टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही विचारलंत तर सांगतो."

मी विचारलं नाही. वहीत लिहिलं: 'कोफी. नक्कल.' त्याचं वर्ष गेलं.

तीन आठवड्यांनी ऑफिसला तोच प्रोग्राम वापरायचा होता, म्हणून मी संजयला थोडा बदल करायला सांगितला. दिवसांच्या रकान्यांना त्यात विचित्र नावं होती. YAW नावाच्या रकान्यात नेहमी शून्य धरलं होतं. मी विचारलं, "हे काय आहे? आणि शून्य का?" संजयने कीबोर्डवरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, "फ्लॉपी मशीनमध्येच राहिली होती, सर. कोफीची."

निकाल लागून गेला होता. मी "झालं ते झालं" म्हणालो आणि विषय संपवला. दुसऱ्या दिवशी कोफीला बोलावून लॅबची किल्ली दिली, म्हणजे वर्ष रिपीट करताना त्याला हवं तेव्हा मशीनवर बसता यावं. त्याला तो विश्वास वाटला. ती माझी पळवाट होती. एवढ्यावर मी थांबलो नाही. त्या वर्षी संस्थेच्या वार्षिकात परदेशी विद्यार्थ्यांच्या गमती असा एक लेख मराठीत लिहिला. त्यात हा किस्सा, नाव न घेता, विनोद म्हणून घातला. खरं काय ते तोवर मला कळलं होतं. लोक खूप हसले. अजूनही कोणी जुने सहकारी भेटले की त्या लेखाची आठवण काढतात.

पार्सिपनी

आता सांगायचं ते सांगून टाकतो. तो संजय म्हणजे माझा जावई. संस्थेतून बाहेर पडल्यावर तो नोकरीसाठी अमेरिकेला आला, सुट्टीत घरी येऊ लागला, माधवीला आवडला. मुलगा चांगला होता आणि आहे. नाही म्हणायला माझ्याकडे एकच कारण होतं आणि त्यात त्याच्याइतकाच मीही दोषी होतो. लग्नात मी त्याचे पाय धुतले तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. माधवीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पार्सिपनीत त्यांचं घर छान आहे. मागे हिरवळ, तिच्यावर सकाळी हरणं येतात आणि माधवीची झेंडूची रोपं खाऊन जातात. आपल्याकडे गाय आली तर हाकलता येते. इथे हरणापुढे सगळे हात जोडून उभे. शेजारी तिन्ही बाजूंना आपलीच माणसं, नागपूर, मुंबई आणि एक हैदराबाद. संध्याकाळी फिरायला निघालो की चार जण तरी "काका, जेट लॅग गेला का?" विचारायचे. तो जाऊन महिना झाला तरी विचारायचे. सात वर्षांची नात, इरा, माझं मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. आमचं त्यावर छान चालायचं.

एका रात्री जेवताना मी कोफीच्या ई-मेलचं सांगितलं. संजय मला अजून सरच म्हणतो.

"कोफी? आपला कोफी, सर?"

"आपलाच. नेवार्कला असतो. इथून किती लांब?"

"अर्धा तास."

माधवी म्हणाली, "अर्ध्या तासावर तुझा बॅचमेट राहतो आणि तुला पत्ता नाही? काय यार तू."

"शनिवारी जाऊन या ना तुम्ही," संजय पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "माझा कॉन्फरन्स कॉल आहे, नाहीतर मी ड्राइव्ह केलं असतं."

"मी नेते बाबांना. इरालाही घेऊ."

मी टॅक्सीने जातो म्हणालो, तर दोघी हसल्या. म्हणजे जे मला कोफीला एकांतात सांगायचं होतं, ते आता माधवीच्या शेजारी बसून सांगावं लागणार होतं. नाहीतर पुन्हा एकदा न सांगता परत यावं लागणार होतं. त्या आठवड्यात मला झोप कमीच लागली. जेट लॅगवर ढकललं.

ओक ट्री रोड

कोफीसाठी काहीतरी न्यायचं म्हणून शुक्रवारी आयसेलिनला गेलो. तिथे एका रस्त्यावर अख्खा लक्ष्मी रोड मांडून ठेवला आहे, फक्त पार्किंगची भांडणं इंग्रजीत होतात. साड्यांच्या दुकानांमधून वाट काढत आम्ही फराळाच्या एका दुकानात शिरलो. कोफी पुण्यात असताना बाकरवडी पिशवीभर विकत घेऊन खिशात ठेवायचा आणि कागदावर प्रोग्राम लिहिता लिहिता खायचा. त्याच्या सगळ्या कागदांवर तेलाचे डाग असत.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काका, पुण्याचे का?"

"कशावरून ओळखलंत?"

"पाकिटावरची तारीख तीनदा वाचलीत."

"तुम्ही कुठल्या?"

"नागपूर. आम्ही तारीख पाहत नाही, तेवढं उरतच नाही."

मी मुद्दाम बाकरवडीची चार पाकिटं घेतली. श्रीखंडाचा एक डबाही घेतला.

नेवार्क

माधवीने इंटरनेटवरून रस्त्याचा नकाशा छापून माझ्या हातात दिला होता आणि वळणं वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी एक वळण आल्यावर वाचलं, ते येण्याआधी वाचायचं असतं. त्या गडबडीत माधवीने ब्रेक दाबला आणि श्रीखंडाचा डबा इराच्या पायाशी उलटा झाला. आम्ही पोहोचलो ते एक पाव श्रीखंड आणि वेलदोड्याच्या वासाची गाडी घेऊन.

कोफी लाकडी तिमजली घराच्या पायऱ्यांवर उभा होता. अंगाने भरला होता, चष्मा लागला होता. मला पाहून मराठीत म्हणाला, "या सर, या. चप्पल राहू द्या." मेसच्या मावशींकडून शिकलेलं त्याचं सगळं मराठी शाबूत होतं. दिवसभरात त्याने ते पुरवून पुरवून वापरलं.

त्याच्या बायकोचं नाव अकोसुआ. ती रुग्णालयात परिचारिका आहे. तिने ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास आणले आणि उजव्या हाताने एकेकाला दिले. इराने डावा हात पुढे केला, तर माधवीने आणि अकोसुआने एकाच वेळी "अंहं" केलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

पाणी झाल्यावर कोफी खुर्चीत सरळ बसला. चेहरा एकदम औपचारिक झाला.

"सर, आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. पाणी दिल्याशिवाय काही विचारायचं नाही. आणि पाणी झाल्यावर विचारल्याशिवाय राहायचं नाही. याला अमानिए म्हणतात. यजमान म्हणतो, इथे सगळं शांत आहे, वाटेवर तुम्ही आहात. तर सांगा, काय काम घेऊन आलात?"

"आणि पाहुणा न विचारताच सांगू लागला तर?" माधवीने विचारलं.

"तर त्याला घरी कोणी शिकवलं नाही असं समजतात. सांगणाऱ्याने थांबायचं असतं. विचारायचं काम घरच्याचं."

पुण्यातल्या टेबलासमोर उभा असलेला कोफी मला तेव्हा पहिल्यांदा कळला. त्याने काही लपवलं नव्हतं. तो विचारण्याची वाट पाहत होता, आणि ते घर माझं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी माधवीकडे पाहिलं आणि म्हणालो, "सगळं क्षेम आहे. तुला भेटायलाच आलो."

कोफीने मान डोलावली. क्षणभर वाट पाहून मग उठला.

जेवायला अकोसुआने माझ्यासाठी मासा न घालता घेवड्याची उसळ केली होती. तिच्यावर पाम तेलाचा लाल तवंग, थेट आपल्या मिसळीच्या तर्रीसारखा. बरोबर पिकल्या केळ्याचे तळलेले काप. शिवाय टोमॅटोतला लालसर भात, तिखट. "सर, अजून घ्या. लाजू नका," कोफी मराठीत आग्रह करत होता. बाकरवडी त्याने बायकोला दिली नाही. चारही पाकिटं फडताळाच्या वरच्या खणात ठेवली. ती म्हणाली, "हा मला सगळं देतो, पण पुण्याचं काही देत नाही."

इराने त्याच्या नावाचा अर्थ विचारला.

"शुक्रवारी जन्मलेला मुलगा. आमच्याकडे वारावरून एक नाव पडतंच. अकोसुआ म्हणजे रविवारची मुलगी. तुझा वार कोणता?"

इराला ठाऊक नव्हतं. माधवी म्हणाली, "शुक्रवार."

"मग तू अफुआ."

"So we're both Friday," इरा म्हणाली आणि मग दुपारभर आपण अफुआ असल्याचं सगळ्यांना सांगत सुटली.

"गुरुवारचा मुलगा?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं असं वाटतं.

"याव." कोफीने प्लेटमधून मान वर केली नाही. "पुण्यात गुरुवारी लाइट जायची ना, सर. लॅब बंद. म्हणून यावच्या रकान्यात शून्य."

त्याने ते साधेपणाने सांगितलं. प्रोग्राम कोणता, हेही म्हणाला नाही.

दुपारी तो आम्हाला त्याचा वर्ग दाखवायला घेऊन गेला. चर्चच्या तळघरात दर शनिवारी तो आपल्या देशाच्या लोकांना शिकवतो. टॅक्सी चालवणारे, रुग्णसेवा करणाऱ्या बायका, एक निवृत्त शिंपी. एका भिंतीला कंपन्यांनी टाकून दिलेली मशीन रचलेली होती. ती दुरुस्त करून कुमासीला पाठवायची होती.

"तिकडे मुलं कॅफेत जाऊन चॅट करण्यात पटाईत आहेत," कोफी सांगत होता. "पण कोकोची बी विकायला शेतकरी येतो, तेव्हा वजन अजून कागदाच्या चिठ्ठीवर लिहितात. चिठ्ठी हरवली की सगळं हरवलं. त्याचा प्रोग्राम बाहेरच्या माणसाने का लिहायचा? आमच्या मुलांनी लिहावा. मग त्यातूनच नोकरी."

"लाइट?"

"जाते. पुण्यात गुरुवार एक होता, तिकडे चार असतात. म्हणून तर तुमची पद्धत. आधी कागदावर लिहा, कागदावर चालवा, लाइट आली की मशीन. माझ्या अमेरिकन मित्रांना पटत नाही. पण ज्यांच्याकडे लाइट नाही त्यांचं डोकं तरी चालू राहतं, सर. हे तुमच्याकडूनच घेतलं."

आणि मग मला ती दिसली. दाराशेजारी खिळ्याला दोरीने टांगलेली फुलस्केप वही.

"तीही तुमचीच," कोफी म्हणाला. "फक्त एक बदल केला."

मी उघडली. चार रकाने होते: चूक काय, कोणाची, कशी सापडली, दुरुस्त कधी झाली. प्रत्येक ओळ वेगळ्या अक्षरात होती.

"इथे दुसऱ्याची चूक लिहायची नाही," तो म्हणाला. "ज्याची त्याने लिहायची. बाकी कोणी पेनाला हात लावायचा नाही."

इरा दुरुस्त झालेल्या एका मशीनवर काहीतरी खेळत होती. माधवी त्या शिंप्याशी बोलत होती, चार पावलांवर. मी कोफीला म्हणालो, "मघाचं पुन्हा विचार."

"काय, सर?"

"काय काम घेऊन आलो, ते."

त्याने एक खुर्ची ओढली, मला बसवलं आणि स्वतः समोर बसला. "इथे सगळं शांत आहे," तो म्हणाला. "वाटेवर तुम्ही आहात. सांगा."

मी सांगितलं. तो प्रोग्राम त्याचाच होता हे मला तीन आठवड्यांतच कळलं, तरी मी काही केलं नाही. किल्ली विश्वासाने दिली नव्हती, टोचणीने दिली होती. लेखाचं तर त्याला माहीतच नव्हतं, तेही सांगितलं. माधवीचं बोलणं मध्येच थांबलेलं मला ऐकू आलं, पण मी मान वळवली नाही.

कोफी म्हणाला, "किल्लीचं मला वाईट वाटलं, सर. तेवढी मी चांगली आठवण म्हणून जपली होती. इथे मी मुलांना पहिल्या दिवशी किल्ली देतो."

"ते देत राहा."

"देणार. माझी किल्ली खरी आहे."

त्याने खिशातून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. मी इंग्रजीत लिहिलं: 'एका विद्यार्थ्याला न विचारता त्याला चोर ठरवलं. खरं कळल्यावर गप्प राहिलो. वर त्याची थट्टा छापली.' कोणाची चूक, तिथे माझं नाव. कशी सापडली, तिथे 'यावमुळे'. शेवटच्या रकान्यात मी तारीख घालू लागलो, तर कोफीने वहीवर तळहात ठेवला.

"तो रकाना प्रोग्राम चालल्यावर भरायचा."

"कसा चालणार?"

"ती गोष्ट लोकांनी कोणत्या भाषेत ऐकली, सर?"

निघताना त्याने मला वाकून नमस्कार केला. मी नको नको म्हणत होतो. तो म्हणाला, "कागदावर चालवायचं शिकवलंत, त्याचा हा आहे. बाकीचा हिशेब वहीत."

परतीचा रस्ता

परतताना वळणं मी वेळेवर वाचली, तरी माधवीने आमचा फाटा सोडला. पुढच्या फाट्यापर्यंत आठ-दहा मिनिटं सरळ जावं लागलं. इरा मागे झोपली होती.

"दुसरा मुलगा कोण होता, बाबा?"

मी नाव घेतलं नाही. कोफीच्या वहीचा नियम मी तिथेही पाळत होतो.

आणखी एक पाटी मागे गेली. मग ती म्हणाली, "शनिवारी त्याचा कॉन्फरन्स कॉल कधीच नसतो."

घरी पोहोचलो तेव्हा संजय पायऱ्यांवर बसला होता. माधवीने झोपलेली इरा त्याच्या खांद्यावर दिली आणि आत गेली. तो मला म्हणाला, "कसा आहे कोफी?"

"तुझ्याबद्दल त्याने विचारलं नाही."

"तेच जास्त वाईट आहे, सर," संजय म्हणाला.

त्या रात्री त्यांच्या खोलीतलं बोलणं चालू होतं. ते मी ऐकलं नाही आणि ऐकलं असतं तरी लिहिलं नसतं. चार दिवस घरात इरा एकटीच बोलत होती. पुढच्या शनिवारी सकाळी संजयने बेसमेंटमधले दोन जुने मॉनिटर आणि एक मशीन गाडीत भरलं. माधवी दारात आली आणि म्हणाली, "नेवार्कला जातोस ना? मग फाट्याकडे लक्ष दे. मी चुकले होते." तिचं एवढं सरळ वाक्य आठवड्यात पहिलंच होतं. तो संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्या हाताला काळं वंगण होतं आणि शर्टाच्या खिशात बाकरवडी. कोफीने फडताळातलं एक पाकीट फोडलं होतं.

पुणे

परत आल्यावर मी संस्थेत गेलो. कोफीचा निकाल दुरुस्त करावा असा अर्ज दिला. क्लार्कने तो आदराने घेतला, मग सांगितलं की इतके जुने कागद रद्दीत गेले. वार्षिकाचे अंक मात्र ग्रंथालयात बांधून ठेवलेले आहेत. माझा लेख आहे.

जानेवारीत कुमासीहून फोटो आला. पत्र्याच्या छपराखाली चार बाकं, फळा आणि दाराशेजारी तीच वही. दुसऱ्या फोटोत माझं पान होतं. माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. ते अक्षर मी दहावीच्या टक्केवारीइतकंच ओळखतो. 'फ्लॉपी परत करायला हवी होती. तोंडही उघडायला हवं होतं.' दोन्ही ओळींचे शेवटचे रकाने कोरे होते.

म्हणून हे लिहिलं. संजयने आणि माधवीने आधी वाचलं. नाव बदलू का विचारलं, तर संजय फोनवर म्हणाला, "नको, सर. वहीत खरं आहे, इथे खोटं कशाला?" ज्यांनी तो वार्षिकातला किस्सा वाचला असेल, हसले असतील, पुढे कोणाला सांगितला असेल, त्यांनी आता हेही सांगावं: प्रोग्राम कोफीचा होता. विचारायला हवं होतं ते मी, आणि मी विचारलं नाही.

हे ज्या अंकात छापून येतं आहे, त्याची एक प्रत कुमासीला पाठवतो आहे. कोफीला मराठी वाचता येत नाही, मेसपुरतं बोलता येतं. वाचून कोण दाखवणार ते त्याने ठरवलं आहे. संजय येत्या डिसेंबरमध्ये पंधरा दिवस तिकडे शिकवायला जातो आहे. रकाना भरायचा की नाही, ते त्यानंतर कोफी ठरवेल. पेनाला मी हात लावणार नाही.